स्टार्टरच्या कॉइलचा टॉर्च

रविवारी संध्याकाळी तुमचा फोन येतो तेव्हा तुमच्याकडे सकाळ असते आणि तुम्ही न्याहारीला बसलेले असता. मी त्याआधी देवापाशी दिवा लावून, केस नीट करून, फोन साखरेच्या डब्याला टेकवून बसते. एवढं तुम्हाला ठाऊक आहे. ठाऊक नसेल ते हे, की गेलं वर्षभर मला शनिवारपासूनच धास्ती वाटायची. उद्या बोलायचं काय? तुम्ही "हाय आजी" म्हणता, मी "जेवलात का" विचारते, तुम्ही हसता. मग मी ऊन किती आहे ते सांगते, ऊस केवढा झाला ते सांगते. तुमच्यातली थोरली मान हलवते आणि जरा वेळाने तिची खुर्ची रिकामी दिसते. शेवटी तुमचे बाबा फोन हातात घेतात आणि माझ्या गोळ्यांची चौकशी करतात.

आजोबा होते तेव्हा असं होत नसे. ते फोन घेऊन सरळ गोठ्यात जायचे आणि म्हशीच्या तोंडासमोर धरायचे. मला ते जमत नाही, आणि आता म्हैसही नाही.

म्हणून धाकट्याने एका रविवारी जेव्हा विचारलं, "आजी, तू फिजिक्स शिकलीस ना?" तेव्हा मी खुर्चीत ताठ बसले. त्याला शाळेसाठी सेल न घालता पेटणारा टॉर्च करायचा होता. मी म्हटलं, नळीभोवती तांब्याची तार गुंडाळायची, नळीत लोहचुंबक सोडायचं आणि नळी हलवत राहायची. चुंबक तारेच्या वेटोळ्यातून ये-जा करू लागलं की तारेत वीज तयार होते. तो म्हणाला, "तू पण कर. मग आपण दोघं दाखवू." थोरलीसुद्धा त्या दिवशी खुर्चीतून उठली नाही.

सोमवारी सकाळी मी एसटीने बारामतीला गेले. शाळांना प्रयोगाचं सामान देणाऱ्या दुकानातून बटणाएवढी चुंबकं घेतली. एकमेकांना चिकटली की नखानेसुद्धा सुटत नव्हती. दिवाळीच्या माळेतले दोन पांढरे दिवे कापून काढले. दोन अशासाठी, की चुंबक वेटोळ्यात शिरताना वीज एकीकडे धावते आणि बाहेर पडताना उलट. दिवे एकमेकांना उलटे जोडले की शिरताना एक पेटतो, बाहेर पडताना दुसरा. शेताच्या बांधावर ठिबकच्या नळीची भेंडोळी पडलेली होती, त्यातून वीतभर तुकडा कापला. राहिली तार.

आपल्या भागात गुंडाळायची तार म्हटली की माणसं एकाच जागी जातात, मोटारी भरून देणाऱ्याकडे. विहिरीतली मोटार जळली की तो तिच्यात नवी तार भरतो. मीही इंदापूरला त्याच्याकडेच गेले.

"कितीची मोटर हाय, काकू?" त्याने मान वर न करता विचारलं.

"मोटार नाही. टॉर्च करायचा आहे."

आता त्याने मान वर केली. "बॅटरीला वायंडिंग? पाण्यात सोडायची हाय का?"

दुकानात बसलेले दोघं हसले. मीही हसले आणि पिशवीत तार घेऊन घरी आले. छान तार होती. वर प्लास्टिकचं आवरण, सुतळीएवढी जाड, ओढली तरी न तुटणारी. आपल्याकडे जाड तार ती चांगली तार, कारण बारीक तारेची मोटार पहिल्याच उन्हाळ्यात जळते. आजोबा तारेची जाडी बोटांनी चाचपून मगच पैसे काढायचे. मीही तशीच चाचपून घेतली होती. दोन दिवस बसून एकावर एक नीट, ओळीने गुंडाळली. टॉर्च खलबत्त्यातल्या बत्त्याएवढा जड झाला. हलवला, काही नाही. जोरात हलवला, तरी काही नाही. दिवे तपासले, ते रिमोटमधल्या दोन सेलांवर ठीक पेटत होते.

रविवारी मी धाकट्याला सांगितलं, माझा अजून पेटत नाही. तो खूश झाला. "माझाही नाही!" म्हणाला. तो फोन मागच्या कित्येक महिन्यांत सगळ्यात लांबला.

चूक मला मंगळवारी भाजी निवडताना कळली. चुंबकाने तारेत वीज कशी तयार होते, तो नियम मी कॉलेजात इंग्रजीत पाठ केला होता आणि आजही अडखळत नाही. मेथीच्या काड्या मोडता मोडता मी तो मनाशी म्हटला आणि मधेच थांबले. वीज वेढ्यांच्या संख्येवर अवलंबून असते. जाड तारेचे नळीवर वेढे बसणार तरी किती? मोटारीला जाडी हवी असते, मला वेढे हवे होते, तेही हजारांत. केसासारखी तार हवी होती. नियम तोंडपाठ होता, पण हात मात्र इतक्या वर्षांत इथलेच झाले होते.

केसासारखी तार घरातच आहे, हेही मग लक्षात आलं. मोटारीच्या स्टार्टरमध्ये, म्हणजे ती चालू-बंद करायच्या पेटीत, बारीक तारेची एक कॉइल असते. वीज गेली की ती मोटार बंद पाडते. ती वरचेवर जळायची, म्हणून आजोबा मोटारीच्या खोलीत एक नवी कॉइल कायम ठेवायचे, कागदात गुंडाळून, उंदरांच्या भीतीने डब्यात. आता शेत पुतण्या बघतो. त्याने नव्या तऱ्हेचा स्टार्टर बसवला आहे, त्याला ती कॉइल लागत नाही. खोलीची किल्ली तुमच्या धाकट्या आजीकडे असते, म्हणजे माझ्या जावेकडे. तिचं घर पाटाच्या पलीकडे. तिच्याकडे मी सणाला जाते, आजारपणात जाते. उगाच म्हणून कधी गेले नव्हते. लग्न होऊन आले तेव्हापासून मी शिकलेली सून, आणि शिकलेल्या सुनेपाशी कुणी शेंगा फोडायला बसत नसे.

तिने किल्ली दिली आणि मागोमाग आली. मी डब्यातून कॉइल काढली, कागद अजून कोरा होता.

"ही मोडायची?" ती म्हणाली. "दाजींनी जपून ठिवलेली हाय." दाजी म्हणजे तुमचे आजोबा.

"लागत नाही ना आता."

"लागत न्हाय म्हून मोडायची व्हय?" मग जरा थांबून, "कशाला पायजे?"

मी सांगितलं. तिने पदराने डबा पुसला. "बाई, ह्या वयात मोटर भरायचं दुकान टाकताय का काय? आन् मोडायची कशाला, हाय तशी घाला की नळीत."

"भोक चौकोनी आहे. नळी गोल आहे."

तिने कॉइल डोळ्याला लावून भोकातून माझ्याकडे पाहिलं. "हाय खरं चौकोनी," म्हणाली.

तार उलगडून नळीवर चढवायला दोन माणसं लागतात. एकाने कॉइल सुईवर फिरती धरायची, दुसऱ्याने गुंडाळायचं. तार इतकी बारीक की श्वास जोरात सोडला तरी हलायची. जाऊ दुपारी जेवणं उरकून यायची, माझ्या पडवीत भिंतीला टेकून बसायची आणि स्वेटरच्या सुईवर कॉइल धरायची. पहिल्या दिवशी मी तिला सगळं समजावून सांगत होते. दुसऱ्या दिवशी मी बोलायचं थांबले, तीही बोलली नाही. तार सरत होती. कधी तुटायची, मग आम्ही ब्लेडने टोकं खरवडून पीळ द्यायचो. एकदा ती म्हणाली, "दाजी असतं तर वरडलं असतं." मी म्हटलं, "ओरडले असते आणि मग स्वतःच धरायला बसले असते." तिने कॉइल पुन्हा फिरती धरली. उठताना ती म्हणाली, "बरं वाटलं बसून."

आमची तार निम्मी झाली होती तेवढ्यात रविवार आला. धाकटा म्हणाला, "माझा झाला! शाळेत देऊनपण टाकला." बाबांनी त्याला एक संच मागवून दिला होता. त्यात तार आधीच गुंडाळलेली होती आणि त्याचा टॉर्च हलवणं थांबवल्यावरही थोडा वेळ जळत राहायचा. मी शाबास म्हटलं. मनापासून म्हटलं. मग विचारलं, आता शाळेत काय? "आता ज्वालामुखी," तो म्हणाला. ज्वालामुखीबद्दल मला सांगता येण्यासारखं काही नव्हतं. बाबांनी गोळ्यांचं विचारलं.

पुढच्या बुधवारी सकाळी माझा टॉर्च पेटला. घर बंद करून, पडदे ओढून मी तो हलवला आणि दोन्ही दिवे आळीपाळीने लुकलुकले. हात थांबला की प्रकाशही थांबे. आनंद असा झाला की मी पहिल्यांदाच रविवार सोडून तुमच्याकडे फोन केला. तुमच्याकडे मंगळवारची रात्र होती. बाबांनी एका क्षणात उचलला.

"आई, काय झालं? पडलीस का?"

"नाही रे. टॉर्च पेटला."

तो म्हणाला, "घाबरवलंस गं. मुलं झोपलीत. रविवारी दाखव ना." त्याचं बरोबर होतं. मी फोन ठेवला आणि पडदे उघडले.

रविवारी दाखवला. तुम्ही दोघांनी "कूल" म्हटलं. पलीकडे खिडकीतून लख्ख ऊन येत होतं, त्यात माझे दोन दिवे दिसले नसावेत, हे मला कळत होतं. धाकटा सामन्याला निघाला. थोरली उरली, तिला गृहपाठ होता. तीही उठणार, एवढ्यात मी तिला म्हटलं, "फोन बंद करू नकोस. तुझं तू लिही. मी इथे मटार सोलते. बोलायचं नाही."

तिने भुवया उंचावल्या. "फक्त बसायचं?"

"फक्त बसायचं."

तिने फोन कशालातरी टेकवला. मला तिचं एक कोपर दिसत होतं आणि वहीचा कोपरा. पेन थांबलं की कोपर थांबे. मधेच कुणीतरी तिकडे नळ सोडला, बंद केला. मी सगळे मटार सोलले, टरफलं वेगळी केली आणि मग बसणं मोडू नये म्हणून कोथिंबीर निवडायला घेतली.