वाढीवसाहेब

वाढीवसाहेबांची पँट घोट्याशी कायम जाड दिसायची. शिंप्याला ते आत चार बोटं कापड दाबून ठेवायला लावत. चाळिशी उलटलेल्या माणसाची उंची काय वाढणार, असं मी एकदा विचारलं, तर म्हणाले, "माझी न्हाय वाढत, पण पँट आटती की." डबा दोन माणसांचा आणायचे, एस.टी. हवी त्याच्या आधीचीच पकडायचे. ऑफिसात त्यांचं हे नाव पडलं ते यामुळेच, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं.

ते उमरग्याकडचे. आमची कंपनी पुण्याची, कॉम्प्युटर बनवणारी, आणि त्यावर चालणारी ऑपरेटिंग सिस्टिमही तिची स्वतःची. त्या सिस्टिमचा गाभा, म्हणजे कर्नल, साहेबांच्या हातातला. त्यांच्या आईनं गावात "पोरगं कर्नलपाशी कामाला हाय" असं सांगून ठेवलेलं. झालं! अख्खं गाव त्यांना फौजेतला माणूस समजायचं. सुट्टीत गेले की म्हातारे सरहद्दीची हालहवाल विचारत. साहेब आधी समजावून सांगत, मग कंटाळून "शांतता हाय" म्हणून मोकळे होत.

ऐंशीच्या दशकाच्या शेवटी आमचं एक मशीन तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यातल्या एका सहकारी दूध संघानं घेतलं. ते बसवायला साहेब आणि मी गेलो. साल दुष्काळाचं. कर्नलमध्ये एक आकडा असतो, फाईलमधली कितवी नोंद चालू आहे ते सांगणारा. त्या आकड्याला जागा किती द्यायची, एवढाच आमचा वाद. लहान जागेला शॉर्ट म्हणतात. तिच्यात बत्तीस हजार सातशे सदुसष्टपर्यंतच मोजता येतं, त्यापुढं आकडा एकदम उणे होतो. मोठ्या जागेला लाँग म्हणतात. तिथं अब्जांपर्यंत काळजी नाही, पण आमचं मशीन त्यानं जरा रेंगाळायचं, आणि मशीन हळू चालतं म्हणून संघाचे चेअरमन आधीच आमच्या डोक्यावर बसले होते.

साहेब म्हणत होते, लाँग घे. मी शॉर्टवर हटून बसलो. माझा हिशेब मोठा शहाणपणाचा! जनावरं छावणीत गेलीत, दूध आटलंय, म्हणजे दुधाच्या नोंदीही आटणार, मग फाईल वाढेल कुठून? दोन दिवस मी त्यांचं डोकं खाल्लं. शेवटी ते म्हणाले, "बरं बाबा, कर तुझ्या मनासारखं. पण दुष्काळात कागद लई वाढतो, ध्यानात ठेव." मी हसलो. त्या हसण्याची मला अजून लाज वाटते.

दूध आटलंच. पण त्यामुळे संघाचे टँकर रिकामे झाले आणि ते गावोगाव पाणी वाटायला लावले. आता प्रत्येक खेप, कोरडी पडलेली प्रत्येक विहीर त्याच फाईलमध्ये चढू लागली. रोज सकाळी मशीन खेपांची यादी छापायचं आणि ड्रायव्हर तो कागद घेऊन निघायचे. एक दिवस नोंदींनी शॉर्टची हद्द ओलांडली. आकडा उणे झाला. आमच्या सिस्टिममध्ये उणे म्हणजे 'नोंद नाही', म्हणून मशीननं पुढच्या नोंदी गुपचूप सोडून दिल्या. नव्यानं कोरडी पडलेली तीन गावं यादीत आलीच नाहीत. छापून आलंय म्हणजे बरोबरच असणार, असं धरून कुणी विचारलंही नाही. पाचव्या दिवशी एका गावची माणसं रिकाम्या घागरी घेऊन संघात आली. त्यांच्यातली एक बाई आदल्या दिवशी तळाचं पाणी खरवडायला जुन्या विहिरीत उतरली होती. घसरली, आणि तिची कंबर मोडली.

फोन आला तसे आम्ही रातोरात पुण्याहून संघात पोचलो. साहेबांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. शॉर्टचा लाँग केला, कर्नल पुन्हा बांधला, दुपारपर्यंत नवी यादी काढली आणि पहिल्या टँकरमध्ये स्वतः बसून गेले. पुढं चौकशी झाली. शॉर्ट घ्यायचा निर्णय साहेबांनी स्वतःच्या नावावर लिहून दिला. मी शेजारच्या खुर्चीवर होतो. मी तोंड उघडलं नाही. त्यांची नोकरी गेली.

उमरग्याच्या गाडीत त्यांना बसवायला स्टँडवर गेलो, तेव्हा मी रडकुंडीला आलो होतो. साहेब, मी खरं काय ते लिहून देतो, म्हणालो.

"आता लिहून काय व्हायचंय?" ते म्हणाले. "तू नोकरी कर. फकस्त त्या बाईला एकदा भेट, आणि शॉर्ट कुणी घेतला ते तिला सांग."

मी गेलो नाही. आज जाऊ, उद्या जाऊ, असं करत पंचवीसेक वर्षं काढली. जिथं जिथं काम केलं तिथं मी त्या आकड्याला सगळ्यात मोठी जागा दिली. लोकांनी माझ्या दूरदृष्टीचं कौतुक केलं, मी मान खाली घालून ऐकून घेतलं. मग साहेब गेल्याचं कळलं आणि घरात बसवेना. त्या गावाची वाट विचारत गेलो.

बाई आता म्हातारी झालेली, ओसरीवर काठी घेऊन बसलेली. मी साहेबांचं नाव काढलं, तर म्हणाली, ते दर उन्हाळ्यात यायचे.

"लई भला माणूस," ती म्हणाली. "दर बारीला म्हनायचे, माय, चूक माझी हाय. म्या म्हनायची, व्हतं माणसाकडनं." मग मला निरखून बघत तिनं विचारलं, "तुमी कोन म्हनायचं?"

"त्यांच्यासोबत कामाला होतो," एवढंच मी म्हणालो.

उन्हातून आलात, म्हणत तिनं सुनेला हाक मारली. भरलेला तांब्या आला. मी तो घेतला आणि प्यालो.