दूध पिणारं बेसिन

गुळुक... गुळुक! आमच्या सर्जरी वॉर्डातल्या बेसिनचा हा आवाज मी नोकरीच्या पहिल्या दिवशी ऐकला. वाटलं, कुणीतरी घोट घोट पाणी पितंय. त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी वॉर्डबॉय होतो. केस पिकले तरी नाव ‘बॉय’च! पेशंट मात्र मामा म्हणायचे. आम्ही रिटायर्ड मंडळी संध्याकाळी रंकाळा तलावावर बसतो. कुणी वॉर्डाचा विषय काढला, की एकाला दुसरा किस्सा चिकटून येतो आणि घरची जेवणं गार होतात.

*

रिटायर व्हायच्या आधी थोडे दिवस वॉर्डात जखमा चिघळायला लागल्या. भारीतली इंजेक्शनं देऊनही उतार पडेना. कबनूरचा संभाजी, यंत्रमागावरचा कामगार, पायाला मार लागून आला होता. मोठे सर म्हणाले, "अजून वर चढलं तर पाय काढावा लागेल." त्याच्या आईनं त्याच्या पायावरचं पांघरूण नीट केलं.

लॅबच्या मॅडम म्हणाल्या, "औषधाला न जुमानणारे जंतू या वॉर्डातच कुठंतरी घर करून आहेत. शोधायला हवेत."

*

मॅडम कापूस लावलेली काडी घेऊन फिरू लागल्या. कॉटवर, नळावर, पडद्यावर, सगळीकडं काडी! पेठ वडगावची एक आजी टक लावून बघत होती.

"बाई, कॉटचं झालं असंल तर माझ्या बी कानात घाला की. लई खाजतंय!"

*

मोठ्या सरांच्या मोबाइलवरही जंतू निघाले. दुसऱ्या दिवशी सर मोबाइल प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून राउंडला आले. फोन वाजला. सर ‘हॅलो, हॅलो’ करून दमले.

एक पेशंट कळवळून म्हणाला, "सर, बाहेर काढा की तेला. जीव गुदमरला आसंल!"

*

हेड सिस्टरनी खिडकीत बाटलीतल्या पाण्यात मनीप्लांट वाढवलं होतं. जीव होता त्यांचा त्याच्यावर. त्या पाण्याचा रिपोर्ट वाईट आला.

सिस्टर म्हणाल्या, "माझं मनीप्लांट काय पेशंट हाय व्हय?"

पण निमूटपणे घरी नेलं. त्या आठवड्यात वॉर्डातनं घरी गेलेला पेशंट एवढाच!

*

शेवटी खरा अड्डा सापडला बेसिनच्या जाळीखाली. नळ सोडला, की पाणी थेट जाळीवर आपटायचं आणि शिंतोडे शेजारच्या संभाजीच्या कॉटपर्यंत! पाइप बदलला. थोड्याच दिवसांत जंतू पुन्हा हजर.

मॅडम म्हणाल्या, "यांना खायला कोण घालतंय?"

एका सकाळी त्या बेसिनपाशी उभ्या राहिल्या. संभाजीची आई घरच्या म्हशीचं दूध घेऊन आली. त्यानं अर्धं पिलं. उरलेलं तिनं बेसिनमध्ये ओतलं. मागोमाग कुणी पांढरा रस्सा ओतला, कुणी चहा.

"मावशी, दूध इथं का ओतता?"

"मग काय कचऱ्याच्या डब्यात टाकू? पाप लागंल की! हितं बघा, कसं स्वच्छ हाय."

मॅडमनी तिला बाकावर बसवून, पाइपातले जंतू या दूध-चहावरच कसे पोसतात ते समजावलं.  मावशी हळूच म्हणाली, "म्हंजी माझ्या दुधानंच पोराचा पाय...?"

"एकट्या तुमच्या नाही हो. आम्ही सगळेच ओतत होतो."

*

पुन्हा पाइप बदलला, संभाजीची कॉट लांब हलवली, इंजेक्शन बदललं. मावशीनं मात्र बेसिनशेजारी स्टूलच टाकलं.

"पावणं, हात धुयाचं का भांडं? भांडं आसंल तर मागं मोरीत!"

एकदा मोठे सर उरलेला चहा घेऊन बेसिनकडं वळले. मावशी उठून आडवी उभी राहिली. सरांनी कप बघितला, मावशीला बघितलं, आणि गारढोण चहा उभ्या उभ्या पिऊन टाकला!

*

हळूहळू संभाजीची जखम सुकली. पाय वाचला. डिस्चार्जच्या दिवशी तो काठी टेकत स्वतःच्या दोन्ही पायांनी दारापर्यंत गेला. "आये, चल की, यस्टी जाईल!"

मावशी आधी लॅबमध्ये गेली. मी पिशवी घेऊन मागं. तिनं गच्च भरलेला तांब्या मॅडमच्या हातात ठेवला. मॅडमना दुधाचा वासदेखील सोसत नाही, हे अख्ख्या दवाखान्याला ठाऊक. त्यांनी माझ्याकडं बघितलं. मी खिडकीबाहेर बघितलं.

मॅडमनी डोळे मिटले आणि तांब्या तोंडाचा न काढता सगळं दूध पिऊन टाकलं.

मावशीनं तांब्या घेतला, उपडा करून पाहिला. थेंबही पडला नाही. पदरानं तिनं मॅडमच्या ओठांवरची साय पुसली आणि यस्टी गाठायला निघाली.