सासरवाडीत बसवलेली एसएसडी

"दाजी, कॉम्प्युटर अजून उघडतोयच."

"कधी चालू केलात?"

"च्या टाकायच्या आधी. आता च्या पिऊन झाला, भांडी घासून झाली, तरी आपलं ते चक्र फिरतंयच. नानांच्या पोरीची पत्रिका हाय ह्याच्यात. तिचं लगीन लागंल, पण फाईल उघडायची न्हाई."

फोनवर सुनीतावहिनी होत्या, माझ्या मेहुण्याची बायको. पिंपळवंडीला घरातच त्या लग्नपत्रिका, बॅनर असलं डिझाइन करून देतात. मी मंचरला कॉम्प्युटर दुरुस्तीचं दुकान चालवतो, बावीस वर्षं झाली. पाटीवर 'हार्डवेअर इंजिनिअर' असं लिहिलंय. ते पाटी रंगवणाऱ्याने स्वतःच्या मनाने लिहिलं. मी पुसलं नाही.

"एसएसडी टाकू," मी म्हणालो. "तासाभराचं काम. उद्या येतो."

जुन्या कॉम्प्युटरच्या हार्ड डिस्कमध्ये तबकड्या फिरतात आणि त्यांवरून एक काटा माहिती वाचतो. दहा-बारा वर्षांनी तो काटा माझ्यासारखाच दमतो. एसएसडीत फिरणारं काहीच नसतं. सगळी माहिती चिपमध्ये. आकाराने तळहाताएवढी, वजनाला दोन-चार बिस्किटं. ती टाकली की म्हातारा कॉम्प्युटर पळायला लागतो.

दुसऱ्या दिवशी दहाला पोचलो. आता आमच्याकडची लग्नपत्रिका काय चीज असते ते सांगायला हवं. नवरा-नवरीला त्यात दोन-चार ओळींची जागा. बाकी सगळी नावं. नाना म्हणजे वहिनींचं गिऱ्हाईक; त्यांच्या पत्रिकेत एकशे चाळीस होती. चुलते, मामा, आजी-माजी सरपंच, सोसायटीचे चेअरमन. कोणाचं नाव कोणाच्या वर, यावर आठ दिवस भावकी वहिनींच्या खुर्चीमागे उभी राहून भांडली होती. आदल्या संध्याकाळी एकदाची सगळ्यांनी मान हलवली. ती मंजूर झालेली यादी फक्त त्या कॉम्प्युटरमध्ये होती. नाना संध्याकाळी पाचला पेनड्राईव्ह न्यायला येणार आणि फाईल नारायणगावला छापायला देणार.

"फाईल आधी पेनड्राईव्हवर घेऊन ठेवू का, दाजी?" वहिनींनी विचारलं.

"कशाला? आपण क्लोन करतोय. क्लोन म्हणजे जशीच्या तशी नक्कल. अंगावरचा तीळसुद्धा उतरेल."

वहिनी गप्प बसल्या. जावयापुढे माणूस गप्प बसतं. दुकानात मला कोणी पाणी विचारत नाही. इथे सासूबाई सकाळपासून मासवडीच्या मागे लागलेल्या. सासरे, म्हणजे आबा, त्यांनी स्वतः टेबल पुसून ठेवलं होतं. मी स्क्रू ड्रायव्हर काढला तरी घरात शांतता पसरत होती. ऑपरेशन थिएटरमध्ये असते तशी.

डीव्हीडी ड्राईव्ह कोणी वापरत नव्हतं. त्याच्या केबली काढून मी एसएसडीला लावल्या, एसएसडी बाहेरच वर्तमानपत्रावर ठेवली आणि क्लोन चालू केला. बाराच्या सुमारास झाला. कॉम्प्युटर बंद करून एसएसडीवरून परत चालू केला. वीस सेकंदात सुरू.

"अगं बया! लागला बी?" वहिनी म्हणाल्या.

मी चष्मा काढून पुसला. मोठे डॉक्टर पुसतात तसा.

शहाण्या माणसाने इथे थांबावं. मी म्हणालो, "जुनी डिस्क आता मोकळी करून देतो. फोटो ठेवायला होईल." डिस्क मोकळी करण्याला फॉर्मॅट म्हणतात. त्याचे दोन प्रकार. झटपट फॉर्मॅटमध्ये फक्त अनुक्रमणिका फाडली जाते, पानं शिल्लक राहतात, त्यामुळे मागाहून बरंचसं परत मिळतं. पूर्ण फॉर्मॅटमध्ये एकेक पान कोरं होतं.

"वरवरचं करणाऱ्यातला मी नाही," असं म्हणून मी पूर्ण फॉर्मॅट लावला आणि जेवायला बसलो. मासवडी आणि फॉर्मॅट बरोबरच संपले.

राहिलं होतं फक्त एसएसडी आत बसवणं. कॅबिनेटमधला, म्हणजे कॉम्प्युटरच्या डब्यातला, खण जुन्या रुंद डिस्कच्या मापाचा असतो. लहान एसएसडी त्यात लटकते. म्हणून मध्ये एक पत्र्याची पट्टी लावतात, तिला ब्रॅकेट म्हणतात. माझं ब्रॅकेट मंचरला दुकानाच्या ड्रॉवरमध्ये होतं.

"एवढुशी तर हाय," सासूबाई म्हणाल्या. "चिकटपट्टी लावा की."

खरं सांगायचं तर तेवढ्यानेही भागतं. पण मी म्हणालो, "आई, हे प्रोफेशनल काम आहे."

आबांनी उठून तेलाच्या डब्याचा पत्रा कापला. आबांचं आयुष्य विहिरीवरच्या मोटारी रिवाइंड करण्यात गेलं. जळालेल्या मोटारीतली तांब्याची तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. त्यांनी पत्र्याला अशी नेमकी भोकं पाडली की एसएसडीचे बारीक स्क्रू पहिल्या फटक्यात बसले. मी टेपने उगाच माप घेतलं आणि "चालेल" म्हणालो.

फ्लॉपीचा खण रिकामा होता, त्यात पट्टी बसवली. डीव्हीडीची केबल तिथपर्यंत पोचेना. मी ओढली. पोचली, पण सतारीच्या तारेसारखी ताठ झाली.

आबांनी केबलकडे पाहिलं. मग माझ्याकडे पाहिलं. तोंड उघडलं. मग म्हणाले, "पावणं, पाणी घेता का?"

"नको आबा."

केबलचं टोक बोटभर बाहेर येत होतं, त्यामुळे कॅबिनेटचं झाकण बसेना. मी कॅबिनेट आडवं केलं आणि झाकणावर गुडघा दाबला. 'कट्' असा आवाज आला.

"लॉक बसलं," मी जाहीर केलं.

कॉम्प्युटर चालू केला. काळा पडदा, वर इंग्रजीत एक ओळ. डिस्क सापडत नाही.

झाकण काढलं. केबल अलगद हातात आली. तिच्या तोंडात प्लास्टिकचा एक तुकडा होता. एसएसडीला जिथे केबल लागते तिथे प्लास्टिकची एक छोटी जीभ असते आणि तिच्यावर सोनेरी तारा टेकलेल्या असतात. ती जीभ मी गुडघ्याने मोडली होती. आत माहिती सगळी सुखरूप. दार तेवढं गेलं होतं. साडेतीन वाजले होते.

"दाजी, फाईल कुठंय?"

"ह्याच्यात."

"मग काढा की."

"निघत नाहीये."

"आन् जुन्यात?"

मी जुन्या डिस्ककडे बघितलं. "ती मोकळी केली."

वहिनी उंबऱ्यावर जाऊन बसल्या. "तीन चुलत्यांचा क्रम लावायला चार दिस गेलं, दाजी. आता भावकी परत भांडायला बसली तर मलाच ह्या धंद्यातनं उठावं लागंल. पुन्हा कोन देईल मला पत्रिका?"

"दुकानात नेतो. काहीतरी करता येईल."

"पाचपर्यंत?"

मी उगाच रॅम काढून खोडरबराने पुसायला घेतली. आमच्या धंद्यात काही सुचेनासं झालं की रॅम पुसतात.

आबा उठले. रिवाइंडिंगचा जाड भिंगाचा चष्मा लावला आणि एसएसडी उजेडात धरली. "तारा शाबूत हायेत. वाकल्यात निस्त्या. त्यो तुकडा केबलीतच ऱ्हाऊ द्या."

मोटारीच्या खाचांत तारा दाबायला ते बांबूची काडी वापरतात. तशी एक काडी तासून त्यांनी सात तारा एकेक करून सरळ केल्या. आता माझ्याकडे बॅटरी धरायचं काम होतं.

"पावणं, उजेड हलतोय."

एकवीस वर्षांच्या संसारात त्यांनी माझ्यावर केलेली ती पहिली टीका.

मोडक्या जिभेसकट केबल त्यांनी तारांच्या खाली सरकवली आणि वरून कॉईल बांधायची सुती पट्टी आवळली. चालू केलं. नाही. परत सरकवली. नाही. तिसऱ्या वेळी आबांनी बोट दाबून धरलं आणि स्क्रीन उजळला.

"कुनी हलू नका," आबा म्हणाले.

सासूबाईंनी पंखा बंद केला. वहिनी पाय न वाजवता खुर्चीवर आल्या, पेनड्राईव्ह लावला, आधी फाईल ओढली, मग तिचा फॉन्ट. हिरवी पट्टी सरकत होती आणि मी कित्येक वर्षांत नाव न घेतलेल्या देवांना आठवत होतो. कॉपी झाल्यावर मी सोबत आणलेल्या लॅपटॉपवर फाईल उघडून वहिनींनी नावं मोजली. एकशे चाळीस.

"सोडू का?" आबांनी विचारलं. बोट उचललं आणि पडदा काळा झाला.

पावणेपाचला नाना आले. चहा घेतला, पेनड्राईव्ह खिशात टाकला. "जावईबापूंनी कॉम्प्युटर लई फास्ट केला म्हनं?"

वहिनी चहाचे कप गोळा करायला लागल्या.

"व्हय," आबा म्हणाले. "वीस सेकंदात लागतोय."

नाना गेल्यावर मी विचारलं, "आबा, केबल ताणलेली तुम्हाला दिसली होती ना?"

"दिसली व्हती की. ताणलेली तार तुटतीच."

"मग बोलायचं नाही का?"

"जावयाला कसं बोलायचं, राव? पानावर बसवलेलं मानूस."

"मी बोलले व्हते," सासूबाई आतून म्हणाल्या. "पन आमची चिकटपट्टी प्रोफेशनल न्हाई."

तिसऱ्या दिवशी मी माझ्याकडची नवी एसएसडी, ब्रॅकेट आणि लांब केबल घेऊन गेलो. आबांनी मोडक्या एसएसडीच्या केबलवर बोट दाबून धरलं, मी परत एकदा क्लोन केला. या वेळी महत्त्वाच्या फाईली आधी पेनड्राईव्हवर घेतल्या, आणि वहिनींनी विचारायच्या आत घेतल्या. पत्रिका छापून आली. एकही नाव गळलं नाही. तरी भावकीतले दोघे रुसलेच. त्यांची नावं मुळात यादीतच नव्हती, त्यामुळे तो दोष माझ्यावर आला नाही.

यातून तांत्रिक धडा एवढाच. नव्या डिस्कवर आठ दिवस काम होईपर्यंत जुनीला हात लावू नये आणि झाकण गुडघ्याने लावू नये. दुसरा धडा दुकानात उपयोगी पडतो. काही गिऱ्हाइकं डोक्याशी उभी राहून प्रत्येक स्क्रूला टोकतात. "ते असंच असतं का? ते ताणलंय का?" पूर्वी मला त्यांचा राग यायचा. आता मी त्यांना बसायला स्टूल देतो.