मेस्त्रीकाकांची अकरावी गोळी

मेस्त्रीकाका गेल्याचं मला क्लबच्या ग्रुपवर कळलं. ऑफिसात जेवणाचा डबा उघडून बसले होते. सेक्रेटरींनी काकांचा जुना फोटो टाकला होता आणि खाली लिहिलं होतं, की उत्तम नेमबाज, रायफलींवर जीव लावणारा माणूस, उतारवयात गोळ्यांची मोजणी चुकू लागली म्हणून स्वतःहून रेंज सोडली... खाली हात जोडणाऱ्यांची रांग लागली. मीही हात जोडले. त्या मजकुरातलं मोजणीचं वाक्य साफ खोटं आहे आणि ते माझ्यामुळे खोटं आहे, हे त्या ग्रुपवर मला एकटीला माहीत होतं. तरी मी फोन उलटा ठेवला आणि डबा संपवला.

मी मधू, ठाकूरद्वारची. विमा कंपनीत नोकरी, दोन मुली, आणि कॉलेजात एनसीसीमध्ये झाडलेल्या पाच गोळ्यांची आठवण. अडतिसाव्या वर्षी ती आठवण अचानक उसळली आणि मी दादरजवळच्या एका लहानशा रायफल क्लबात नाव घातलं. नवरा म्हणाला, आता घरात आवाज चढवायची सोय राहिली नाही. क्लबाकडे लष्करातून बाद झालेल्या सहा जुन्या रायफली होत्या. आतली नळी बदलून त्या बारीक गोळीच्या केलेल्या. वजन मात्र तेच, खांदा भरून यायचा. दस्त्याच्या लाकडावर कुणाकुणाचे नंबर ठोकलेले, त्यावर आणखी कुणाचे. त्या सहा रायफली आणि त्यांच्या कपाटाची किल्ली मेस्त्रीकाकांकडे असे.

काका लालबागच्या एका मिलमध्ये फिटर होते. मिल बंद पडली, मग परळच्या एका वर्कशॉपमध्ये लागले, पण रविवार रेंजचा. रायफलींना ते शेवटच्या दोन आकड्यांनी हाक मारत. एकोणीस, तेवीस, बेचाळीस. पहिले तीन रविवार त्यांनी मला एकही गोळी दिली नाही. नुसतं दस्त्याला जवसाचं तेल चोळायला लावलं. मी वैतागून विचारलं, तेव्हा म्हणाले, "आधी तिची वळख करून घे गो बाय. बेचाळीस उजवीकडे खेचता, पण तुका फसवची नाय." तेव्हापासून बेचाळीस माझी झाली.

त्यांचा एक नियम होता. रेंजवर जो तो आपल्या गोळ्या मोजून लावणार आणि संपल्यावर आकडा मोठ्याने सांगणार. नळीत एखादी गोळी विसरून राहिली तर कुणाचा तरी जीव जाईल, म्हणून. ज्याची मोजणी चुकली तो घरी. एकदा एका बड्या पोलीस अधिकाऱ्यालाही त्यांनी हात जोडून बाहेर काढलं होतं. स्वतः ते मिलमधल्या जुन्या मागाच्या लाकडाचा एक ठोकळा वापरत. त्याला दहा भोकं, प्रत्येक भोकात एक गोळी उभी. ठोकळा रिकामा झाला की दहा झाल्या. असा माणूस मोजायला कसा चुकेल, हा प्रश्न पुढे कुणालाच पडला नाही, याचं मला अजून नवल वाटतं.

तेरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जुन्या रायफलींची आंतरक्लब स्पर्धा होती आणि संघात तिघांनाच जागा होती. निवडीच्या दिवशी मी नेमबाजांच्या रांगेत तीन नंबरच्या जागेवर, काका माझ्या उजवीकडे चार नंबरवर. दहा गोळ्या. नऊ झाल्या तेव्हा मला कळलं होतं की शेवटची बरी पडली तर मी संघात. घामाने कोपर सरकलं, मी पुन्हा कोपरं टेकवून पालथी पडले, श्वास धरला, काळा गोल दिसला, चाप ओढला. मग दुर्बिणीतून पाहिलं. माझ्या कागदावर नवं भोक नव्हतं. मी शेजारच्या टार्गेटवर मारलं होतं.

अशा वेळी हात वर करायचा असतो. क्रॉस म्हणायचं, ती गोळी शून्य धरतात, विषय संपतो. माझा हात जमिनीवरून उचलला गेलाच नाही. मनाशी म्हटलं, थोडं थांबू, बघू... तेवढ्यात कागद आले. काकांच्या टार्गेटवर अकरा भोकं, माझ्या टार्गेटवर नऊ. माझ्या मधल्या भोकाच्या कडा फाटल्या होत्या, एकावर एक दोन गोळ्या गेल्यासारख्या. सेक्रेटरी भिंग लावून बघत होते. त्यांनी मला सरळ विचारलं, "तुमची एखादी तिकडे गेली का?"

"नाही," मी म्हटलं.

काकांनी रिकामा ठोकळा टेबलावर ठेवला होता. "मी धाच मारलंय," ते म्हणाले. मग त्यांनी दोन्ही कागद शेजारी धरले आणि बराच वेळ पाहिले. नंतर माझ्याकडे पाहिलं. रागाने नाही. काहीतरी विचारल्यासारखं. मी बेचाळीसचा बोल्ट पुसत राहिले.

"असात," ते म्हणाले. "एक चुकान जास्त गेली असात."

त्यांनीच केलेला नियम होता. कुणी काही बोलायच्या आत त्यांनी खिशातून किल्ली काढून सेक्रेटरींच्या हातावर ठेवली. वहीत नोंद झाली: मेस्त्री, अकरा गोळ्या, मोजणीत चूक. सत्तरीला आलेला माणूस, सगळ्यांनी समजून घेतलं. माझ्या फाटक्या भोकात दोन गोळ्या धरल्या गेल्या, मी संघात गेले, कांस्यपदक आणलं. पेढे घेऊन लालबागला त्यांच्या चाळीत गेले, तर त्यांनी पदक हातात घेऊन मागची बाजू बघितली, आणि काकींना म्हणाले, "चाय टाक, मधू इली." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पण पेढे देऊन आलेच.

मग दर गणपतीला जात राहिले. जिना चढताना ठरवायचे, आज सांगायचं. वर गेल्यावर आरती, खोबऱ्याच्या वड्या, शेजारणी, एक ना दोन... काका आपणहून कधीच तो विषय काढत नसत. त्यातून मी माझ्या सोयीचा अर्थ काढला, की त्यांना सगळं कळलंय, त्यांनी मला माफ केलंय, मग उगाच उकरा कशाला. तेरा वर्षं मी या समजुतीवर काढली. परळच्या हॉस्पिटलात शेवटचं भेटले तेव्हाही त्यांनी नुसतं "बोल" म्हटलं होतं. मी म्हटलं, बरं वाटतंय ना काका? त्यांनी मान हलवली आणि डोळे मिटले.

तेराव्यानंतर काकींनी बोलावून घेतलं. खाटेवर बसवलं, ट्रंकेतून फडक्यात बांधलेला ठोकळा आणि घडी केलेला एक कागद काढला. तेच टार्गेट. दहा भोकांभोवती पेन्सिलीने गोल आणि आत क्रमाने एक ते दहा आकडे. उजव्या कडेच्या अकराव्या भोकाला गोल नव्हता. शेजारी फक्त लिहिलं होतं, ४२. माझं नाव त्यांनी स्वतःच्या घरातल्या कागदावरसुद्धा लिहिलं नव्हतं.

"तू येवन गेलंस की हे ह्या काढून बघीत बसत," काकी म्हणाल्या. "मी विचारलंय तर म्हणत, मधूक काय तरी सांगूचा आसा. आज सांगात, पुढल्या वर्साक सांगात... वाट बघीत. काय सांगूचा होता गो तुका?"

म्हणजे माफ वगैरे काही नव्हतं. ते वाट बघत होते. मी काकींना सगळं सांगितलं. त्या रडल्या नाहीत. म्हणाल्या, त्या दिवसापासून हे जिना चढताना पायऱ्या मोठ्याने मोजायचे आणि वर आल्यावर मला आकडा सांगायचे, बत्तीस, बरोबर ना म्हणून विचारायचे. आम्ही हसायचो... एवढं बोलून त्या आत गेल्या आणि माझ्यासाठी चहा टाकला. तो चहा मी कसा प्यायले, ते मला सांगता येणार नाही.

पुढच्या रविवारी सेक्रेटरींना गाठलं. ते म्हणाले, "आता कशाला? माणूस गेला." मी जुनी वही मागितली. त्यांनी ती शोधून दिली, पेनही दिलं. त्या नोंदीखाली मी लिहिलं, मेस्त्री यांनी दहाच गोळ्या मारल्या, अकरावी माझी. सही केली. ग्रुपवरही तेच टाकलं. या वेळी कुणी हात जोडले नाहीत, आणि ते ठीकच झालं. हे इथे लिहिते आहे ते काकांना वाचता येणार नाही. एवढी साधी गोष्ट मी तेरा वर्षं लांबवली.

बेचाळीस अजून कपाटात आहे, अजून उजवीकडे खेचते. काकांचा ठोकळा मी रेंजवर नेते. त्याच्या नऊ भोकांत गोळ्या लावते, दहावं, त्या दिवशी न सांगितलेल्या गोळीचं, रिकामं ठेवते. संपल्यावर मोठ्याने सांगते, नऊ. नवी माणसं विचारतात, नऊच का? मग मी त्यांना सांगते.