मसाल्याच्या डब्यामागचा फॉर्म

"टाइप वन डायबेटिस," डॉक्टर म्हणाल्या, आणि मी माझ्या रेवाकडे बघायचं सोडून भिंतीवरच्या घड्याळाकडेच बघत बसले. रेवा तेव्हा अकरावीत. महिनाभर घटाघटा पाणी पीत होती, वाळत चालली होती. मी म्हणत होते, अभ्यासाचा ताण.

टाइप वन म्हणजे शरीर इन्सुलिन बनवणंच थांबवतं. पथ्याने जाणारं दुखणं नाही हे. रोज इन्सुलिन, जन्मभर. साखर वाढली तर धोका, आणि अचानक उतरली, म्हणजे 'हायपो' झाला, तर मिनिटांत शुद्ध जाऊ शकते.

रेवाला पॅरामेडिक व्हायचंय, ॲम्ब्युलन्समध्ये पेशंट सांभाळायचेत. मला एकच धास्ती: आजारी म्हणून शिक्का बसला तर कुठली युनिव्हर्सिटी हिला घेणार? संक्रांतीच्या हळदीकुंकवाला परदेशातल्या आमच्या टूनगॅबी उपनगरातल्या मराठी बायकांनी तिळगूळ पुढे केला, तेव्हा मीच म्हटलं, "डाएटवर आहे हो ती!" शाळेला मात्र सांगावंच लागलं. मग बारावीच्या परीक्षेतल्या सवलतींचा, म्हणजे हॉलमध्ये गोड खाऊ जवळ ठेवू देण्याचा वगैरे, फॉर्म आला. त्यावर 'डिसॅबिलिटी' हा शब्द. मी तो मसाल्याच्या डब्यामागे सारला आणि रेवाला म्हटलं, "शाळा बघून घेईल." शहाणीच मी!

सराव परीक्षेत तिची साखर उतरली. साखर चढवायला ठेवलेल्या जेलीबीन्सच्या गोळ्या बॅगेत, बॅग हॉलबाहेर. तरी पोरगी लिहीत राहिली. तिचं पेन पडलेलं सुपरवायझर बाईंनी पाहिलं म्हणून निभावलं. त्यांचे उपकार मी जन्मात फेडू शकणार नाही.

इमर्जन्सीत डॉक्टरांनी विचारलं, "जवळ ग्लुकोज का नव्हतं?"

रेवा पुटपुटली, "आय थॉट आय वॉजन्ट अलाउड." आत न्यायची परवानगीच नाही, असं पोरीला वाटलं होतं.

मेल्याहून मेल्यासारखं झालं. घरी येऊन फॉर्म काढला, सगळं कबूल केलं. ती रडली, ओरडली, दोन दिवस ताट घेऊन आपल्या खोलीत जेवली.

शाळेतल्या करिअर ॲडव्हायझर म्हणाल्या, "मेडिकल तपासणी होईल. पण पॅरामेडिकच्या कोर्सला अर्जच करू नये, असं तुम्हाला कुणी सांगितलं?" कुणीच नाही. माझ्या भीतीने सांगितलं होतं.

तुमच्या घरी असं मूल असेल तर कृपा करून फॉर्म दडवू नका. भीती आपली असते, भोगतं लेकरू.

तिसऱ्या दिवशी आम्ही दोघी फॉर्म घेऊन बसलो. आजाराच्या रकान्यात मी बारीक अक्षरांत लिहायला लागले. रेवाने पेन माझ्या हातातून काढून घेतलं.

"मोठं लिहायचं, आई. त्यांना दिसलं पाहिजे ना."