जिवंतपणीचा हार

रोह्यात रेशनकार्डाच्या केवायसीसाठी मी दुकानाच्या ओट्यावर प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसले होते. समोरचा माणूस माझ्या तोंडासमोर मोबाइल धरून ‘मावशी, डोळ्यांची उघडझाप करा’ असं तिसऱ्यांदा सांगत होता, आणि मांडीवरचा फोन वाजला. पेणहून माझा भाचा अमेय बोलत होता. “आत्या, आई गेली,” एवढंच म्हणाला. कुंदावहिनीला दोन दिवस ताप होता हे मला ठाऊक होतं. आदल्या दिवशीच आम्ही बोललो होतो, आणि तापातसुद्धा तिनं मला माझ्या गुडघ्यांवरून चिडवलं होतं... मी तशीच उठले आणि मिळेल त्या गाडीनं पेणला निघाले. ते केवायसी अजून अर्धवटच राहिलंय.

कुंदावहिनी म्हणजे माझ्या थोरल्या भावाची बायको. दादा हायस्कुलात गणित शिकवायचा आणि ही त्याच शाळेत चित्रकला. दोघांच्या कायमच्या नोकऱ्या, पेणला स्वतःचं घर, सगळं कसं आखल्यासारखं. अशात छत्तिसाव्या वर्षी वहिनीनं नोकरी सोडली आणि बाजारपेठेत एक गाळा भाड्यानं घेऊन फोटो स्टुडिओ काढला. दादा म्हणाला, “डोकं फिरलंय हिचं.” मीही त्याच्याच बाजूनं बोलले, कारण मला भावाची बाजू घ्यायची सवय होती. वहिनी आमचं ऐकून घेऊन शांतपणे भाजी चिरत राहिली. तिचं ठरलं की ती वाद घालत नसे, त्यामुळे तिच्याशी भांडणं फार कंटाळवाणं व्हायचं.

सुरुवातीची वर्षं पासपोर्ट फोटो, बारशी, साखरपुडे यांवर गेली. पेणजवळच्या जोहे गावातल्या मूर्तींच्या कारखान्यांतून गणपतींचे फोटो काढायची कामं यायची, तीही ती मन लावून करी. मूर्तींपेक्षा मूर्तीमागच्या कारागिरांचेच फोटो जास्त काढून यायची आणि मग मालकांची बोलणी खायची. पण तिचं आयुष्य बदललं ते हाराच्या फोटोंनी. घरात कुणी गेलं की माणसं फोटो मोठा करून घ्यायला येतात. पुरुषाचा फोटो सापडतो. बाई गेली असेल तर मात्र कुठल्यातरी लग्नातला घोळक्याचा फोटो आणतात आणि त्यातल्या चौथ्या रांगेतल्या चेहऱ्यावर बोट ठेवतात, ‘ही आमची आई.’ मग तो चेहरा कापून घ्यायचा, मागे निळा रंग टाकायचा, अर्धी झाकलेली साडी पुरी करायची. एकदा अशाच एका आजीच्या खांद्यावर दुसऱ्याच कुणाचा तरी हात राहिला होता, तो पुसण्यात वहिनीची अख्खी दुपार गेली. त्या दिवशी ती मला फोनवर म्हणाली, “अगं, सत्तर वर्षं जगली ही बाई, आणि कॅमेऱ्यासमोर एकदाही एकटी उभी राहिली नाही. मी हे पुसापुशीचं काम किती दिवस करू?”

तेव्हापासून ती कॅमेरा घेऊन धरमतर खाडीकडच्या गावांत जायला लागली. मिठागरांत राबणाऱ्या बायकांचे एकेकटीचे फोटो काढायचे आणि एक प्रत त्यांना द्यायची, असा बेत. बायका चहा पाजायच्या, गप्पा मारायच्या, पण फोटोचं नाव काढलं की हसत हसत आत पळायच्या. एकटीचा फोटो म्हणजे हाराचा फोटो, तो काढला की मरण घर शोधत येतं, अशी तिकडे समजूत. आधारकार्डावर फोटो आहे की, असं वहिनीनं म्हणून पाहिलं. तो सरकारचा, तो भिंतीवर लागत नाही, असं उत्तर मिळालं. मला ते ऐकून हसू आलं होतं. पण खरं सांगायचं तर मीही कधी तिच्यासमोर एकटी बसले नाही. दरवेळी कुणालातरी शेजारी ओढून घ्यायची.

शेवटी जनाबाई नावाची एक बाई तयार झाली. तिची अट एकच, कामाच्या कपड्यांत नाही, ठेवणीतल्या साडीत काढायचा. वहिनीला हवा होता मिठागरातला सकाळचा उजेड. मग दोघींनी एकमेकींचं ऐकलं. मिठाच्या पांढऱ्या ढिगाशेजारी जांभळी साडी नेसून, नाकात नथ घालून जनाबाई उभी राहिली आणि ऐन वेळी स्वतःच्याच थाटाला हसली. तो फोटो मी पाहिलाय. वहिनीनं आयुष्यात काढलेला तो सर्वांत चांगला फोटो, असं मला वाटतं... आणि तीन आठवड्यांत जनाबाई गेली.

तिला दम्याचा जुना त्रास होता, पण ते कोण ऐकणार? गाव वहिनीवर उलटलं. तिला पाहिलं की सासवा सुनांना आत बोलवायच्या. तरी वहिनी तेराव्याला तो फोटो चौकटीत घालून जनाबाईच्या घरी गेली. मुलानं कागदसुद्धा न सोडवता तो परत केला. ती रस्त्याला लागली तेव्हा जनाबाईची मुलगी रंजना मागून आली. तिनं वहिनीला दोष दिला नाही, फक्त विचारलं, “बाय, तुमचा सोताचा हाय काय एकटीचा फोटू?”

नव्हता! दुसऱ्यांना भिऊ नका म्हणून सांगत गावोगाव फिरणाऱ्या बाईचा स्वतःचा फोटो नव्हता.

पेणला येऊन वहिनीनं कॅमेरा तिकाटण्यावर लावला, स्टुलावर बसून स्वतःचा फोटो काढला, मोठा केला आणि स्टुडिओत दारासमोरच्या भिंतीवर टांगला. एवढ्यावर थांबली असती तर ती कुंदावहिनी कसली. बाजारातून झेंडूचा हार आणून तिनं तो फोटोला घातला आणि त्याच्याखाली बसून गिऱ्हाइकांना पावत्या फाडायला लागली. बाजारात बोंब झाली. दादा आठ दिवस तिच्याशी बोलला नाही. मी रोह्याहून तरातरा आले, स्टूल ओढलं आणि तो हार खाली काढला. नवरा धडधाकट असताना, मुलगा लग्नाचा असताना हे काय अभद्र, असं काय काय बोलले. वहिनी एरवी मला नावानं हाक मारायची, चिडवायचं असलं की वन्सं म्हणायची. त्या दिवशी मात्र चिडवत नव्हती.

“वन्सं, मी त्यांना सांगते भिऊ नका, आणि माझ्याच घरातली माणसं भितात. मग मी त्या गावात कुठल्या तोंडानं जाऊ?”

मी गेल्यावर तिनं दुसरा हार आणला. पुढे नऊ वर्षं दर सोमवारी ती स्वतःच्या फोटोचा हार बदलत राहिली. पेणला बाजाराला आलेल्या खाडीकडच्या बायका काचेतून डोकावायच्या, आधी भिंतीकडे आणि मग खाली बसलेल्या वहिनीकडे बघायच्या. वर्षभर नुसत्याच बघून गेल्या. मग रंजना आली आणि स्टुलावर बसली. तिच्यामागून तिची चुलती, मग शेजारीण, मग एक सासू आणि सून, पण एकेकट्या बसून. असे दीडेकशे फोटो झाले. रोह्यात त्यांचं प्रदर्शन भरलं तेव्हा त्या बायका टेम्पो करून आल्या आणि आपापल्या फोटोखाली जाऊन उभ्या राहिल्या. कुणी हलायलाच तयार नाही. दादा एका कोपऱ्यात डोळे पुसत होता आणि धुळीची अॅलर्जी आहे म्हणत होता.

आणि आता लाज वाटते ते सांगते. अमेयचा फोन आला तेव्हा माझ्या मनात पहिला विचार आला तो त्या हाराचा. नऊ वर्षं सगळं डोळ्यांनी पाहूनही मी गाडीत बसून मनाशी म्हणत होते, मी सांगत होते, ऐकलं नाहीस... मेलेल्या माणसावरही मी रागावले होते. भीती अशी चिवट असते, हे मला माझ्यावरूनच कळलं.

तेराव्याला मी मोगऱ्याचा मोठा हार घेऊन स्टुडिओत गेले. भिंतीवरच्या फोटोवर हार नव्हता. अमेयनं आदल्या रात्रीच काढून ठेवला होता. मी त्याच्यावर चिडले. जिवंत होती तेव्हा हार होता आणि आता तिचा हक्काचा हार काढतोस? तेवढ्यात रंजना आली. सगळं ऐकून घेतलं आणि तिनं माझ्या हातातला हार अलगद धरला.

“आत्याबाय, आता नको. आता घातलाव तर बाया बोलतील, बगा, झालाच ना शेवटाला खरा.”

मला हे सुचलं नव्हतं. मी तो हार घरी आणून देवाला घातला. आता जमेल तसं शनिवारी मी पेणला जाते आणि वहिनीचे फोटो खोक्यांतून काढून नावं लिहिण्यात अमेयला मदत करते. सगळ्यांची नावं आम्हांला माहीत नाहीत, तिला होती. त्या दीडशे बायकांत माझा एकटीचा फोटो नाही, आणि आता तिच्या हातचा कधीच होणार नाही, हे मला फार लागतं.

गेल्या शनिवारी जिते गावाकडची एक बाई आली. वय साठीच्या पुढचं, हातात पिशवी, पिशवीत घडी केलेली साडी. भिंतीकडे बघून म्हणाली, “बाय खय गेल्यान? मना त्यांच्याच हातचा फोटू पायजेल. मी थांबतंय.” हार नसल्यामुळे तिला कळलंच नव्हतं. अमेयनं माझ्याकडे पाहिलं. खोटं बोलावं असं क्षणभर वाटलं. मग मी सांगितलं की बाई गेल्या, दीड महिना झाला, तापाचं निमित्त झालं.

तिनं पिशवी छातीशी धरली. पुन्हा एकदा फोटोकडे पाहिलं. आता ही दाराकडे वळणार, असं मी धरूनच चालले होते. ती आतल्या खोलीत गेली, साडी बदलून आली आणि स्टुलावर बसली. अमेयनं कॅमेरा हातात घेतला. मी पदर सारखा करायला पुढे झाले आणि तिच्या शेजारी थांबले, तर तिनं मला हातानं बाजूला केलं.

“तू सर गो,” ती म्हणाली, “एकटीचा काढू दे.”