शंभर दाण्यांची गुंडाळी

सिंधूच्या मुलाचा, प्रशांतचा फोन आला तेव्हा मी बाल्कनीत तिच्याच गुंडाळीवर पाणी शिंपडत होते. सकाळचे साडेसात वाजले असतील. "बाई, आई गेली," तो म्हणाला. "पहाटे दम लागला. दवाखान्यात नेईपर्यंत..." मी "बरं" म्हटलं. आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, भाषेवर वर्गांमागून वर्ग घेतले, आणि त्या घडीला मला एवढाच शब्द सापडला. फोन ठेवला, तांब्यात उरलेलं पाणी गुंडाळीवर ओतलं, साडी बदलली आणि रिक्षा करून अमरधाम स्मशानभूमीत गेले. या वर्षातली ही माझी चौथी खेप. आता तिथल्या पायऱ्या किती आहेत तेही गुडघ्यांना पाठ झालंय.

ईरा, अर्णव, गेल्या रविवारी व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, "आजी, तुझ्या एवढ्या स्वच्छ बाल्कनीत ते घाणेरडं पोतं कसलं आहे?" मी विषय बदलला. फोनवर ते सांगण्यासारखं नव्हतं. म्हणून लिहिते आहे. अवघड शब्द आला तर आईला विचारा. आणि आईला सांगा, यातला एक भाग तिलाही ठाऊक नाही.

तुम्हाला सिंधूमावशी आठवते ती पेरू आणून देणारी, गुलाबाची काडी मातीत कशी खोचायची ते दाखवणारी. ती तुमची सख्खी मावशी नव्हे. मखमलाबादच्या बाजूला तिच्या सासरची फुलशेती. शेतीची पदवी घेऊन ती त्या घरात आली आणि पुढची पंधरा वर्षं झेंडू तोडत राहिली. आमच्या घरी देवाची फुलं तीच द्यायची. एकदा फुलांच्या पुडीबरोबर तिने एक छापील पुस्तिका पुढे केली. इथल्या विद्यापीठात शेतीचे शिक्षक घडवणारा अभ्यासक्रम सुरू होता. शनिवार-रविवार वर्ग, मधल्या दिवसांत शाळेत सराव पाठ, शेवटी परीक्षकासमोर वार्षिक पाठ. "बाई, निम्मी पुस्तकं इंग्रजीत हायेत," ती म्हणाली. "तुम्ही असताना मी घाबरू कशाला?" तेव्हा ती चाळिशीला आली होती. मी नुकतीच निवृत्त झाले होते आणि रिकाम्या दुपारी मला खायला उठत होत्या.

वर्षभर ती आमच्या जेवणाच्या टेबलावर बसून शिकली. एके दिवशी पुस्तक मिटून म्हणाली, "यात लिहिलंय, शिकणाऱ्याला टप्प्याटप्प्यानं न्यावं. मला कुणी नेलं टप्प्याटप्प्यानं? सासूनं हातात खुरपं दिलं नि म्हणाली, चल." मी हसले नाही. पाठ टाचणाची वही पुढे ओढली. कोणत्या मिनिटाला शिक्षक काय करणार, विद्यार्थी काय करणार, फळ्यावर काय येणार, हे सगळं पाठ टाचणात आधी लिहून काढावं लागतं. मी तिला पट्टीने रकाने आखायला लावले, उद्दिष्टं लाल शाईने आणि कृती निळ्या. ती पुटपुटायची, "तुमच्याकडं बी सुद्धा रांगेत उगवत असंल." पण वह्या तिच्याच सगळ्यांत नीट असायच्या.

वार्षिक पाठासाठी तिने बियाण्याची उगवण चाचणी निवडली. सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर दहा-दहाच्या ओळींत मांडायचे, वर दुसरा ओला तुकडा घालायचा, चटईसारखी गुंडाळी करायची, सावलीत ठेवायची, रोज पाणी शिंपडायचं. आठवड्याने उलगडून मोजायचे. शंभरातले सत्तर उगवले तर बी पेरायचं, कमी उगवले तर जपून. तिने घरी पहिली गुंडाळी ठेवली ती कोंबड्यांनी उकरली. सासूबाई म्हणाल्या, "बी पेरायचं असतं, मोजायचं नसतं." मग दुसरी गुंडाळी तिने माझ्या बाल्कनीत आणून ठेवली. पाठ व्हायचा होता माझ्याच जुन्या शाळेत, आमच्या इमारतीमागे. पाठ नीट झाला तर जूनमध्ये तिथली कृषीची एकुलती जागा तिला मिळेल, असं मुख्याध्यापक मला स्वतः म्हणाले होते. आयुष्यात पहिल्यांदा तिला शेताबाहेरचं काही हवं होतं.

पाठाच्या आदल्या दिवशी तुमच्या आईला बघायला मंडळी येणार होती. म्हणजे तुमचे बाबा, आणि तुमचे तिकडचे आजी-आजोबा. मी पहाटेपासून घर घासत होते. बाल्कनीत पुसलेल्या फरशीवर गोणपाटातून मातकट पाणी ओघळलं होतं, कुबट वास येत होता. मी गुंडाळी उचलली, पिळली आणि गच्चीवर नेऊन दोरीवर टाकली. एप्रिलचं ऊन. मनात म्हटलं, तासाभराने आणू. मंडळी आली, पोहे झाले, बोलणी लांबली, सगळ्यांना सगळे आवडले... गुंडाळी आठवली तेव्हा संध्याकाळ झाली होती. गोणपाट पापडासारखं कडक झालं होतं. मी ते बादलीत बुडवलं, पुन्हा होतं तिथे ठेवलं. सकाळी सिंधू आली, गुंडाळी पिशवीत घालून घेऊन गेली. मी तिला काही सांगितलं नाही. मला वाटलं, पाणी दिलंय, सावरेल.

जुनी शिक्षिका म्हणून मी त्या दिवशी वर्गात शेवटच्या बाकावर परीक्षकांच्या शेजारी बसले होते. सिंधूने प्रस्तावना छान केली. मुलं हसली, बोलती झाली. मग तिने गुंडाळी उलगडली. मुलांनी मोजलं. शंभरात नऊ. परीक्षक म्हणाले, "कारण सांगा." तिने एक दाणा चिमटीत धरून डोळ्यांजवळ नेला. मग मान वर करून मागच्या बाकाकडे पाहिलं. म्हणाली, "माझ्याकडून पाणी कमी पडलं, सर." पुढचा सगळा पाठ त्या उगवलेल्या बियाण्यावर आखलेला. मी आखून घेतलेला. तिला तो सोडताही येईना आणि पुढे नेताही येईना. घंटा होण्याआधीच ती थांबली.

ती नापास झाली. पुढच्या वर्षी पुन्हा बसली आणि उत्तम गुणांनी पास झाली, पण तोवर जागा भरली गेली होती. तशी जागा पुन्हा निघाली नाही. शेवटपर्यंत ती त्याच शाळेत तासिका तत्त्वावर शिकवत राहिली, दर जूनला नवा अर्ज करून. "बाई, मी दर वर्षी नव्यानं उगवते," असं म्हणायची. मी चहा ओतत असायची.

सांगायचं बऱ्याचदा ठरवलं. तुमच्या आईच्या लग्नात, सिंधूच्या सासूबाई गेल्या तेव्हा, एकदा तर चिठ्ठीही लिहिली. मग वाटायचं, तिला माहीतच नाही तर आता कशाला सांगा. त्या आधारावर काही वर्षं काढली. मग एकदा तिने मला तिचा तास बघायला बोलावलं. टेबलावर दोन गुंडाळ्या होत्या. एक दर वर्षीसारखी माझ्या बाल्कनीत ठेवलेली, हिरवेगार कोंब आलेली. दुसरी वाळलेली. एक मुलगा म्हणाला, "मॅडम, हे बी भाकड हाय."

"भाकड कसं? डोळे उघडून बघ. कोंब आलेला हाय का नाय?"

"हाय... पण काळा पडलाय."

"म्हणजे उगवलं होतं. मधेच कुणीतरी उन्हात टाकलं. बियाण्याला नावं ठेवायच्या आधी ठेवणाऱ्याला विचारायचं."

"कुणी टाकलं, मॅडम?"

"आमच्या कोंबड्यांनी." वर्ग खदखदून हसला. तिने माझ्याकडे पाहिलं नाही. मला मात्र तो चिमटीत धरलेला दाणा आठवला. एवढं पोरांना शिकवणारी बाई तेव्हा काय बघत होती, ते मला इतक्या वर्षांनी कळलं. दर वर्षी ती एक गुंडाळी मुद्दाम वाळवायची आणि हा पाठ घ्यायची. त्या दिवशीही आम्ही शाळेतून चालत घरी आलो, वाटेत भाज्यांचे भाव बोललो. मी कधी सांगते याची ती वाट पाहत होती की तिने केव्हाच सोडून दिलं होतं, हे मी विचारलं नाही. आता विचारायला कुणी नाही.

शेवटची ती आली तो शनिवार होता. दोन जिने चढून धापा टाकत खुर्चीत बसली. "तुमच्या जिन्यानं वय दाखवलं बघा," म्हणाली. मी म्हटलं, "जिना तोच आहे. डॉक्टरकडे जा." "पोरांचा तास झाला की जाते." गुंडाळी बाल्कनीच्या सावलीच्या कोपऱ्यात ठेवली आणि निघताना दारात, दर वर्षी म्हणायची तेच म्हणाली, "पाणी शिंपडा तेवढं, बाई. बाकी काही करू नका."

तिचा तास झाला नाही. शाळेला सुट्टी लागली. गुंडाळी न्यायला कुणी आलं नाही, आणि मीही नेली नाही. आता तिच्या दोन्ही तोंडांतून पिवळट पानं बाहेर आली आहेत, फरशीवर डाग पडला आहे, वास येतो. कामाला येणारी मंगल दोनदा म्हणाली, "आजी, टाकून देऊ का हे?" तुम्हाला माझी शिस्त माहीत आहे. उशीची खोळ वाकडी असली तर मला झोप लागत नाही. हे बी आता पेरणीच्या उपयोगाचं नाही, मोजायचे दिवसही उलटून गेले, सगळं कळतं मला. तरी सकाळी उठते, गुडघे धरत बाल्कनीत जाते, तांब्यातलं पाणी शिंपडते. बाकी काही करत नाही.